उद्या नक्की येतो, ताई!

"उद्या नक्की येतो, ताई," असं मिस्त्रीने म्हणायचं आणि फोन बंद! दर वेळी हेच. चांदणी चौकाची गर्दी पार करून मुळशीत पोचावं, तर माझ्या घराच्या साइटवर चिटपाखरू नाही. स्लॅब नुकताच टाकलाय. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट आहे, निदान 10 दिवस ओल टिकायलाच हवी, नाहीतर तडे जाणार. हे मी मिस्त्रीला सांगायचं? त्यात लाइट नाही, म्हणजे बोअरची मोटर बंद. शेवटी मीच बादल्या घेऊन वर चढते, स्लॅबवर पाणी साठवायला केलेल्या आळ्यांत पाणी भरते. संताप होतो. ओल्या सिमेंटच्या वासात, स्वतःच्या घरावर उभं राहिलं की मनापासून बरंही वाटतं. पण म्हणून शब्द फिरवायचा? येणार नसाल तर सरळ सांगा ना!