पाणी कुठवर आलं होतं, ते आधी सांगा

सांगलीत जागांच्या व्यवहारात नव्यानं उतरलेली पोरं मला सारखी विचारतात, गिऱ्हाइकं कशी वाढवायची? रील काढायचं का, बोर्ड कुठं लावायचा? बोर्ड लावा की. पण गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी त्या जागेतली खोट आपण सांगितली, तर तो माणूस आपलं नाव चार घरांत घेतो. माझ्याकडं आलेली बहुतेक कामं अशीच आलीत.

आपल्याकडं पहिली खोट पाण्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 आहे. 2021 ला परत पाणी शिरलं. असं असताना गावभागात किंवा शामरावनगरात घर दाखवताना "इथं पाण्याचा काही त्रास नाही" म्हणणाऱ्या एजंटचा मला मनापासून राग येतो. लोक आयुष्यभराची पुंजी घालतात हो त्यात.

मी घर दाखवायला गेलो की दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग बघतो. रंग नवा असला तरी फुगलेलं लाकूड हाताला लागतं. जिन्याखालच्या भिंतीला पापुद्रे सुटलेत का, लाइटचा मीटर मुद्दाम वर चढवलाय का, तेही बघतो. मग गिऱ्हाइकासमोरच शेजारच्या मावशींना विचारतो, "पाणी कुठवर आलं होतं?" त्या हातानंच दाखवतात, कमरेएवढं की छातीएवढं. घरमालकाला मी आदल्या दिवशीच सांगितलेलं असतं, "काका, हे लपवायचं नाही. इसार झाल्यावर कळलं तर व्यवहार मोडेल आणि गावभर बोंब होईल."

पूररेषेचंही तसंच. निळ्या रेषेच्या आतला पट्टा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा, लाल रेषेचा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. हे आपणच समजावून सांगायचं. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला प्लॉट असेल तर नियमित झाल्याचा कागद आधी टेबलावर ठेवायचा, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा किंवा वारसाचं नाव असेल तर त्यावर बोट ठेवून दाखवायचं.

दलालीही पहिल्याच भेटीत बोलावी. दोन्हीकडून घेणार असाल तर दोघांनाही माहीत पाहिजे. बिल्डरच्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडची, आपली एजंट म्हणून नोंदणी हवीच, आणि करारनामा नोंदवायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हेही गिऱ्हाइकाला आपल्याच तोंडून कळावं.

खरी परीक्षा दस्त झाल्यावर. दलाली खिशात पडली की काहीजण फोन उचलत नाहीत. घरपट्टीला नाव लावणं, लाइट बिलावरचं नाव बदलणं, सरकारी नोंदीत नाव चढवायचा फेरफार मंजूर झाला का बघणं, यात आपला थोडा वेळ जातो, पण नवख्या माणसाला त्याचा केवढा आधार असतो!

एका निवृत्त गुरुजींना मी तळमजल्याचा फ्लॅट घेऊ नका म्हणालो. त्यांनी शेवटी विश्रामबागेत दुसऱ्याच एजंटकडून घर घेतलं. मला त्यात रुपया मिळाला नाही. पुढं त्यांच्या जावयाचा फोन आला, "सासऱ्यांनी तुमचाच नंबर दिलाय."

कुणाला नदीच्या बाजूला किंवा सखल भागात जागा बघायची असेल, तर कुणाकडूनही घ्या, पण टोकन द्यायच्या आधी मला फोन करा. मला माहीत असेल तेवढं सांगेन. त्याचे पैसे नाहीत.