काकांच्या उजवीकडे बसा

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब आहे, वाचायचं तर वाचा.

नागपूरच्या महाल भागातले आमचे जुने शेजारी, काका. गार्ड्स रेजिमेंटचे, १९७१ ची लढाई लढलेले. हल्ली लेकीकडे यवतमाळला असतात. त्यांच्या जुन्या शाळेने सत्काराला बोलावलं. बडकस चौकातून उघडी जीप, ढोलताशे, पोट्टे उन्हात झेंडे घेऊन ताटकळलेले.

काकांचा डावा कान त्या लढाईत गेला. ते घरी जेवायला आले की आई आधीच दटावायची, "काकांच्या उजवीकडे बसा रे." सहा-सात वर्षांच्या पोट्ट्यांना कळायचं हो!

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि बसले कुठे? डावीकडे. निवेदिका माईक घेऊन उभी कुठे? डावीकडेच. वर ओळख काय, तर 'कारगिलचे वीर'! अहो राजेहो, कारगिल १९९९ चं. तेव्हा काका पेन्शन घेऊन घरी बसले होते. मी ओरडणारच होतो, बायकोने हात दाबला. मग निवेदिकेने विचारलं, "परत इथे येऊन कसं वाटतंय?" काका प्रसन्न हसून म्हणाले, "पोहे चांगले होते."

सगळा हॉल हसला. मोबाईल वर झाले. एव्हाना रीलही फिरत असेल.

बोलावलं तरी, हे मान्य. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणी तेवढंही केलं नाही. ती पोरगी बिचारी हातातला कागद वाचत होती. पण तो कागद लिहिणाऱ्याला लेकीला एक फोन करता येत नव्हता? ९३,००० पाकिस्तानी शरण आले, हे प्रत्येक वक्त्याने छाती फुगवून सांगितलं. खुर्चीत बसलेल्या या एका सैनिकाला "काका, ऐकू येतंय ना?" एवढं विचारायला जीभ झडते का?

आई असती तर स्टेजवर चढून खुर्च्या फिरवल्या असत्या तिनं.

कार्यक्रम संपल्यावर काका म्हणाले, "कामठीले घेऊन चाल. आमचं गार्ड्सचं सेंटर बाहेरूनच पाहू." निघालो. गाडीत मी स्टिअरिंगवर, ते शेजारी. म्हणजे मी आपोआप त्यांच्या उजवीकडे. इंदोऱ्याच्या पुढे जे बोलायला लागले ते थांबेचनात. १४ गार्ड्सचे लान्स नायक अल्बर्ट एक्का. ३ डिसेंबरची रात्र, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं गंगासागर. जखमी होऊनही तो पुढे सरकत राहिला, मशीनगन बंद पाडली आणि मग पडला. परमवीरचक्र मरणोत्तर. "त्याले पाह्याले पाह्यजे होतं तुनं," एवढंच म्हणाले. स्वतःबद्दल अवाक्षर नाही. मी दोनदा विचारलं, तर म्हणे, "आमी होतो तिकडंच कुठं तरी."

ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलला मधेच थांबले. "काहून रे, ते सगळे हासले कायले? पोरीनं काय इचारलं होतं मले?"

मी म्हटलं, "काही नाही काका. पोह्यांचंच विचारलं होतं."