एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना दुकानाचं उत्तर : निन्टेंडो, लाल दिवा आणि न पडणारी बदकं

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मामांनी अमेरिकेहून आणलेला निन्टेंडो एनईएस (टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम) आम्ही तीन आठवडे अडकवून ठेवला, यूट्यूबवर पोरं पाच मिनिटांत करतात त्या कामाचे पैसे लावले, नवीन पार्ट एकही घातला नाही, ओरिजिनल अडॅप्टर काढून ‘लोकल’ गळ्यात मारला, झेल्डा या गेममधलं सेव्ह उडवलं आणि एवढं करूनही गेमची बंदूक चालत नाही ती नाहीच, असं तुम्ही लिहिलंय. स्टार किती द्यायचे हा तुमचा प्रश्न. पण हे वाचून कुणीतरी घरातलं जुनं मशीन स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायला बसेल, म्हणून उत्तर इथेच, सगळ्यांसमोर देतो.

अडॅप्टरचं आधी, कारण ते सोपं आहे. मूळ अडॅप्टर अमेरिकेतल्या १२० व्होल्टचा. तो कधीतरी थेट आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये गेला होता. आमच्याकडे आला तेव्हा वाइंडिंग ओपन होतं, म्हणजे आतली तार तुटलेली, आणि ठोकळ्याला जळका वास येत होता. तो सीलबंद असतो, दुरुस्त करण्यात अर्थ नाही. तो ९ व्होल्ट एसी द्यायचा, आम्ही दिलेला ९ व्होल्ट डीसी देतो, आणि एनईएसला दोन्ही चालतात कारण त्याच्या आतच एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर आहे. पिनेची पोलॅरिटी उलटी असली तरी बिघडत नाही. (इतरांसाठी: फॅमिकॉम, म्हणजे एनईएसचा जपानी अवतार, त्याच्या बाबतीत हे अजिबात खरं नाही. त्याला डीसीच लागतो, तोही मधली पिन निगेटिव्ह असलेला. एनईएसचा एसी अडॅप्टर त्याला लावलात की मशीन संपलं.)

आता लाल दिवा. तुमच्या मशीनचा पॉवरचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकत होता आणि स्क्रीनही त्याच तालावर जात-येत होती. एनईएसमध्ये नकली गेम अडवणारी एक लॉकआउट चिप असते, तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये, म्हणजे गेमच्या डबीत. चालू केल्यापासून दोघी सतत एकमेकींशी बोलतात. बोलणं तुटलं की मशीनमधली चिप प्रोसेसरला रिसेट मारते, पुन्हा पुन्हा. बोलणं तुटायला नकली कार्ट्रिजच लागतं असं नाही, एखादा काँटॅक्ट मळला तरी पुरतं. यूट्यूबवरची युक्ती म्हणजे या चिपचा चौथा पाय कापायचा. दिवा लुकलुकायचा थांबतो हे खरं. पण चिपच्या लाइनी जशा मळल्यात तशाच गेमच्या डेटाच्या लाइनीही मळलेल्या असतात. मग दिवा छान स्थिर आणि स्क्रीनवर अक्षरांची भेळ. आम्हीही तो पाय सोडवून देतो, कुणी मागितलं तर, पण काँटॅक्ट साफ झाल्यानंतर. आधी नाही.

खरा दोष ७२ पिनांच्या कनेक्टरचा होता. कार्ट्रिज आत सरकवून खाली दाबायची ही रचना, वर्षानुवर्षं दाबून पिना सैल पडतात. बाजारात नवीन कनेक्टर मिळतो आणि तो घालणं आम्हालाही सोयीचं होतं. पण स्वस्तातले कनेक्टर कार्ट्रिजला असे धरतात की दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि दर वेळी काँटॅक्ट खरवडले जातात. म्हणून तुमचा मूळ कनेक्टर काढला, डिस्टिल्ड वॉटरमध्ये उकळला, वाळवला, पिना भिंगाखाली बघून सरळ केल्या. मदरबोर्डची ज्या काठावर तो बसतो ती कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली तेव्हा पहिला कापूस काजळीसारखा काळा निघाला, दुसरा तपकिरी, आणि मग कुठे पिवळा धातू दिसला. बिलात पार्ट नाही, मजुरी आहे, ती या कामाची.

कार्ट्रिजच्या मागे ‘अल्कोहोल वापरू नका’ छापलंय हे तुम्ही काउंटरवर दाखवलं होतंत. बरोबर आहे, थिनर आणि बेन्झिनही नको असं तिथेच लिहिलंय. आम्ही कार्ट्रिज उघडून फक्त तांब्याच्या पट्ट्या पुसल्या, लेबलला आणि प्लास्टिकला थेंब लागू दिला नाही. आणि फुंकर मारणं मात्र कृपा करून बंद करा. नव्वदीत आपल्याकडे घरोघरी जे व्हिडिओ गेम होते ते बहुतेक फॅमिकॉमच्या नकला, ६० पिनांचे, त्यांत लॉकआउट चिपच नाही. त्यामुळे फुंकर मारून ते चालायचे अशी आपली सगळ्यांची श्रद्धा. चालायचे ते कार्ट्रिज काढून परत घातल्यामुळे. तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसली की त्या गंजतात.

तीन आठवड्यांचं म्हणाल तर तुम्ही नुसतं कन्सोल ठेवून गेलात. साफ केल्यावर आमच्या कार्ट्रिजवर ते नीट चाललं. पण तुमची तक्रार झेल्डावरची होती, आणि झेल्डा तिसऱ्या आठवड्यात आलं. ते लावून बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणून हातात देणं आमच्याकडे होत नाही.

सेव्हचं वाईट वाटलं, मनापासून. भावाचा जुना गेम त्यात होता हे तुम्ही सांगितलं होतंत. पण या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एका रॅम चिपमध्ये असतं आणि तिला जिवंत ठेवते आत सोल्डरचे टाके मारून बसवलेली तीन व्होल्टची बटण बॅटरी. तुमचं कार्ट्रिज उघडल्यावर मीटरवर ती एक व्होल्टसुद्धा दाखवत नव्हती. तेवढ्यावर रॅम काही धरत नाही. बॅटरी काढण्याआधी तुमच्यासमोर गेम लावला होता, नावांची यादी कोरी होती. सेव्ह आमच्याकडे यायच्या कितीतरी आधी गेलेलं होतं.

‘नवीन सेव्हही राहत नाही’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय, त्यावर उपाय आहे. झेल्डा बंद करताना आधी रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि ते धरूनच पॉवर बंद करायची. नुसतं पॉवर बंद केलं तर त्या क्षणी रॅममध्ये काहीबाही लिहिलं जाऊन सेव्ह बिघडू शकतं. बॅटरी नवी आहे. असं करूनही गेलं तर घेऊन या, पैसे घेणार नाही.

राहिली बंदूक. तिच्यात काही बिघाड नाही. डक हंट या बदकं मारायच्या गेममध्ये घोडा ओढला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला फोटोडायोड (उजेड ओळखणारा पार्ट) तो उजेड शोधतो. त्यातही सर्किट जुन्या पिक्चर ट्यूबच्या स्कॅनिंगला, सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास लाइनींच्या लुकलुकीला, जुळवलेलं आहे. तुमचा एलईडी टीव्ही तसा लुकलुकत नाही, वर चित्र दाखवायला उशीरही करतो. त्यावर ती बंदूक आहे तशी कुणीही चालवून दाखवू शकणार नाही, आणि ‘दुरुस्त करतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. हे तुम्हाला डिलिव्हरीच्या वेळी सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर होतात.

काउंटरमागे आमचा एक जुना मल्टिसिस्टिम सीआरटी, म्हणजे अमेरिकन सिग्नलही दाखवणारा पिक्चर ट्यूबचा टीव्ही, आहे. कन्सोल, बंदूक आणि डक हंट घेऊन या, त्यावर तुम्हीच मारून बघा. लाल आणि पिवळी केबल विसरू नका, कारण अमेरिकन मशीनचं आरएफ (अँटेनाच्या सॉकेटमधून येणारं चित्र) आपल्या टीव्हीवर धड लागत नाही. जळका अडॅप्टर पिशवीत तुमच्या नावाने ठेवलाय, तोही घेऊन जा. दुकान दुपारी एक ते चार बंद असतं.