‘लग्न लावून द्या, भीती पळेल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

“सतत घाबरणाऱ्या मुलीचं लग्न लावून द्या, संसाराला लागली की बरी होते. नवऱ्याला जवळ येऊ देत नाही तिचं मन दुसरीकडे असतं. आणि डोक्याच्या गोळ्या बाईपण संपवतात.” रत्नागिरीपासून मालवणपर्यंत हा मजकूर मोबाइलवर फिरतोय.

पहिल्या मुद्द्यावर फार बोलायला नको. लग्न हा चिंताविकारावरचा उपचार नाही. नवं घर, नवी माणसं आणि ‘पाळणा कधी हलणार?’ ही विचारणा, याने ताण वाढतोच.

दुसरा आरोप मात्र क्रूर आहे. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा झुंजायच्या तयारीत जातं. छाती धडधडते, स्नायू आवळतात. इच्छा जागायला, ओलावा यायला शरीर निवांत असावं लागतं. धास्तावलेल्या बाईचे योनीभोवतालचे स्नायू आपोआप घट्ट होऊ शकतात, मग संबंध दुखतो. एकदा दुखलं की पुढच्या वेळी आधीच धास्ती, आणि त्या धास्तीने पुन्हा दुखणं. ती हे मुद्दाम करत नाही. पूर्वी अत्याचार सोसला असेल, तर प्रेमाच्या स्पर्शानेही तो प्रसंग पुन्हा अंगावर येऊ शकतो. त्यात आपल्याकडे किती घरांत नवरा मुंबईला, गणपतीला नि शिमग्याला चार दिवस येणार. घर पाहुण्यांनी भरलेलं, ती दिवसभर चुलीपाशी, आणि रात्री तिने लगेच मोकळं व्हावं ही अपेक्षा! यावर उपाय आहेत: आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी, कारण जंतुसंसर्ग किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणाही दुखण्यामागे असू शकतो, मग समुपदेशन, स्नायू सैल सोडायला शिकवणारी फिजिओथेरपी. आणि नवऱ्याने घाई न करणं. ती नको म्हणाली की तिथेच थांबायचं.

गोळ्यांबद्दलच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. चिंतेवर दिल्या जाणाऱ्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या औषधांनी काहींची इच्छा कमी होते, कामतृप्तीला उशीर लागतो. पण उपचाराविना राहिलेली चिंताही तेच करते. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात, औषध बदलू शकतात. फक्त त्यांना हे सांगावं लागतं, कारण बरेचदा ते स्वतःहून विचारत नाहीत. गोळी एकाएकी बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं सुरू होऊ शकतं, आजारही उलटू शकतो. देवळात कौल लावायचा तर जरूर लावा, गोळी चालू ठेवून.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरात बोलणं अवघड असेल तर बाजाराला निघाल्यावर वाटेत फोन लावा.