कोपऱ्यावरचा खांब

निवृत्त झाल्यावर मी इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत चार बिघे जमीन घेतली. त्या व्यवहारात घोडारोज, म्हणजे आपली नीलगाय, हीदेखील भागीदार असते, हे पहिल्याच हिवाळ्यात अर्धा हरभरा फस्त झाल्यावर कळले आणि मी सियागंजातून काटेरी तारेची भेंडोळी आणली.

मधले खांब रोवण्यात काही विद्या नाही. ते तार नुसती उचलून धरतात. खरी परीक्षा कोपऱ्यावर असते, कारण तिथे पाचपदरी तार खांबाला दोन अंगांनी ओढते. दोन सारखी बले काटकोनात असली, की त्यांचे परिणामी बल एकाच्या सुमारे १.४ पट भरते आणि ते थेट शेताच्या पोटाकडे जाते, हे मी ३१ वर्षे फळ्यावर बाण काढून शिकवले आहे. एवढ्या विद्वत्तेनंतर मी तिरपा धिरा बाहेरच्या बाजूने लावला, कारण आतला उरलासुरला हरभरा तुडवायचे जिवावर आले होते. तार ताणताच खांब आत झुकला आणि धिरा, गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखा, कशालाच न टेकता तिरपा उभा राहिला.

शेजारचे पटेल बांधावरून म्हणाले, "भिया, खंबा तो नमस्ते कर रिया है." सात मजली राजवाड्याच्या गावच्या माणसाला सात फुटी खांब सरळ उभा करता येऊ नये, हे मला फार लागले. मी खांब दोराने कडुनिंबाला बांधून तात्पुरता सरळ केला.

मग पाऊस आला. आमची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. माझा खड्डा गाजरासारखा, वर रुंद आणि खाली निमुळता होता, त्यामुळे फुगलेल्या मातीने काँक्रीटसकट खांब हलत्या दातासारखा वर उचलला.

दिवाळीनंतर मी साडेतीन फूट खोल आणि तळाशी तोंडापेक्षा रुंद असा खड्डा खणला (पहारीने तळ रुंदावताना माणसाला आपले वय अचूक कळते) आणि एक घमेले सिमेंटला दोन वाळू, चार गिट्टी असा माल भरला. त्यानंतर सात दिवस तारेला हात न लावता गोणपाट ओले ठेवायचे होते. मी रोज सकाळी बादली घेऊन निघू लागलो, तेव्हा पत्नी एवढेच म्हणाली, "तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाहीत हो." शेवटी ओढी दोन म्हणून धिरेही दोन, दोन्ही आतून, तारांच्या रेषेत, पायाशी पुरलेल्या दगडाला टेकवून दिले आणि तार ताणली. खांब हलला नाही.

पटेलांनी येऊन त्याला खांदा लावून पाहिला, मान डोलावली, आणि बांधाच्या पलीकडच्या टोकाकडे पाहत विचारले, "और बाकी तीन कोने, भिया?"