रॅटलस्नेक: खुळखुळ्याच्या भरवशावर राहू नका

उन्हाळा सुरू झाला की कोलोरॅडोत ट्रेकला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरू लागतो: प्रेअरी रॅटलस्नेक हा विषारी साप शेपटीच्या टोकाचा खुळखुळा वाजवल्याशिवाय चावत नाही, खुळखुळ्यात जितक्या कड्या तितकी वर्षं त्याचं वय, पिल्लू मोठ्यापेक्षा घातक आणि चावलाच तर घट्ट पट्टी आवळून चीर द्यायची. यातलं एकही खरं नाही.

कॅनडाच्या आल्बर्टापासून उत्तर मेक्सिकोपर्यंतच्या गवताळ मैदानांत राहणारा हा साप शक्यतो दडूनच राहतो. आवाज करून स्वतःचा पत्ता कशाला सांगेल? अगदीच गळ्याशी आलं तर वाजवतो. अचानक पाय पडला तर तेवढीही सवड मिळत नाही.

आता कड्या. दर कातेला खुळखुळ्याच्या बुडाशी एक नवी कडी येते, पण कात वर्षातून एकदाही पडते, तीनदाही. खाणं भरपूर तर जास्त वेळा. शिवाय टोकाच्या कड्या घासून तुटतात. टोकाला निमुळतं बटण (सगळ्यात पहिली कडी) शिल्लक असेल तर माळ अखंड आहे, तरी त्यावरून काती कळतील, वर्षं नव्हे. आत मणी-खडे काही नसतात; पोकळ कड्या एकमेकींवर आपटतात, तोच आवाज. नवजात पिल्लाकडे नुसतं बटण असतं, त्यामुळे ते शेपूट कितीही हलवो, वाजणार काहीच नाही. पहिल्या दाव्याचा निकाल इथेही लागतो.

पिल्लू चावलं तरी हॉस्पिटल गाठायचंच. पण त्याच्या विषग्रंथीच लहान. सगळं विष ओतलं तरी मोठ्या सापाची बरोबरी होत नाही.

पट्टी मात्र खरोखर महागात पडते. हे विष मांस सडवतं. आवळलं की ते एकाच जागी साठून जास्त नासधूस करतं. चीर, चोखणं, बर्फ, काही नको. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनही नको, रक्तस्राव वाढतो. अंगठी, घड्याळ, बांगड्या लगेच काढा, सूज चढल्यावर निघत नाहीत. ९११ ला फोन करा. सुजेच्या कडेला पेनाने रेघ मारून शेजारी वेळ लिहा, दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. क्रोफॅब हे प्रतिविष दिलं तर सुरुवात साधारण ४ ते ६ व्हायलनी (कुप्यांनी) होते.

ओळख पटवायला साप मारून नेऊ नका. क्रोफॅब तिथल्या सगळ्या रॅटलस्नेकवर चालतं आणि तोडलेलं मुंडकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं.