आजीला भेटायला जाताय? आधी गोळीची वेळ विचारा

आजीला पार्किन्सन आहे. दिवाळीनंतर तिला केअर होममध्ये हलवलं आणि आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले. एक तट म्हणतो, 'शेवटी टाकलंच म्हातारीला.' दुसरा म्हणतो, 'बरं झालं बाई, सुटलात.' एरवी एकमेकांशी न बोलणाऱ्या या दोन्ही तटांची भेटायची वेळ मात्र एकच. रविवारी दुपारी एक. सिंहगड रस्त्याची गर्दी कापत यायचं, पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवायचा, आजीच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने विचारायचं, 'ओळखलंस का मला?' आजी नुसती बघत राहते. मग पार्किंगमध्ये मला बाजूला घेऊन, 'काही राहिलं नाही गं आता. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.'

म्हणून ही पोस्ट. फॅमिली ग्रुपवर टाकली असती तर तासाभरात गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गेली असती.

आधी हे सांगते की तिने ओळखलेलं असतं. मागे धाकट्या काकू येऊन गेल्या त्या दिवशी चारच्या सुमाराला आजी मला म्हणाली, 'बॉक्स बघ. मीच दिला होता तिला, संक्रांतीला.' रिकामा बॉक्स परत भरून आणला होता काकूंनी, आणि कोपऱ्यावरचा शाईचा डाग आजीच्या लक्षात होता. भिशी चालवलेली बाई आहे ती. अख्ख्या बिल्डिंगचा पैसा तिच्या वहीत असायचा, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही कधी.

तिचा चेहरा हलत नाही, कारण चेहऱ्याचे स्नायूही हाताचेच भाऊबंद. पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. आजीचा हात फारसा थरथरतच नाही, तिचा त्रास ताठरपणाचा आणि मंदपणाचा. पापण्या कमी लवतात, हसू ओठांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आवाज इतका बारीक होतो की पंखा बंद केल्याशिवाय ऐकू येत नाही. मेंदूच्या तळाशी डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी असतात, त्या मरत जातात, आणि हालचालीत पहिली खूण दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो.

आमच्या घरात तो किती जुना होता हे आता मागे वळून पाहताना दिसतं. पंधरा-एक वर्षांपूर्वी आजीचं पालुपद होतं, 'हल्लीच्या हिंगाला वासच नसतो.' तिने तीन-चार ब्रँड बदलले, वाण्याशी भांडली, शेवटी कोणाकडून तरी खडा हिंग मागवला. त्यालाही वास नाही म्हणाली. आम्ही भेसळीवर चर्चा केली! वास जाणं हे या आजाराचं फार लवकरचं लक्षण असतं हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. मग भिशीची वही. जानेवारीच्या पानावर बारा बायकांची नावं टपोरी, रेघेला टेकलेली. पुढे पुढे तीच नावं बारीक होत जातात. एकाच ओळीतही पहिलं अक्षर मोठं आणि शेवटचं मुंगीएवढं. आजोबा म्हणायचे, कागद वाचवतेय. न्यूरोलॉजिस्टने पहिल्याच भेटीत तिला चार ओळी लिहायला सांगितल्या आणि कागद बघून मान हलवली.

आता मुद्द्यावर येते. तिचं औषध म्हणजे लेव्होडोपा, सोबत कार्बिडोपा. मेंदूत गेल्यावर लेव्होडोपाचं डोपामिन होतं. कार्बिडोपा त्याला वाटेतच, शरीराच्या इतर भागात खर्च होण्यापासून वाचवतं. साठच्या दशकाच्या शेवटी हे औषध आलं आणि आजही त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. पण ते रक्तात टिकतं फार कमी, दीड-एक तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीची काही वर्षं उरलेल्या पेशी साठा करून वेळ भागवतात. मग साठा करणाऱ्या पेशीच उरत नाहीत आणि माणूस गोळीच्या घड्याळावर जगायला लागतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने आजी 'चालू' होते, बोलते, टोमणे मारते, वॉकर घेऊन बाल्कनीपर्यंत जाते. गोळी उतरली की 'बंद'. बंद असताना कुशीवर वळणंही जमत नाही. सकाळी साडेअकराला भेटलेली आजी आणि दुपारी एकला भेटलेली आजी या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि आमचं समस्त गोत गेले काही महिने फक्त दुसरीला भेटतंय.

त्यात जेवण. प्रथिनं आणि लेव्होडोपा यांची आतड्यातून आत शिरण्याची वाट एकच, आणि गर्दी झाली की गोळी मागे राहते. डाळ, दही, दूध, पनीर, अंडं, सगळं यात आलं. त्यामुळे गोळी जेवणाआधी निदान अर्धा तास, नाहीतर जेवणानंतर तास-दीड तासाने. प्रथिनं बंद करायची नाहीत हं, म्हातारपणी तीही लागतात, वेळ सांभाळायची. आपल्याकडे मात्र गोळी म्हटली की 'पोटात काहीतरी घालून घे' हे इतकं हाडीमाशी खिळलंय की आजीसुद्धा पहिली काही वर्षं कपभर दुधाबरोबर घ्यायची. आणि तुमचे ते पेढे! खव्याचे, म्हणजे प्रथिनं. कोरडे, म्हणजे घशात चिकटणार. हिला गिळायला वेळ लागतो, ठसका लागला तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. पपई आणा, चांगली पिकलेली. चिकू आणा. काहीच आणू नका, चालेल.

तर केअर होम. नाव लिहिणार नाही, कारण माणसं वाईट नाहीत आणि आता बरीच सुधारणा आहे. जागा छान आहे, मागे खडकवासल्याकडचे डोंगर दिसतात, चादरी स्वच्छ, मावशी प्रेमळ. तिथे औषधांची फेरी तीनदा व्हायची. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ, सगळ्यांना, जेवणानंतर. बीपीची, शुगरची, कॅल्शियमची गोळी आणि त्याच वाटीत आजीची. तिच्या वेळा सात, अकरा, तीन, सात. अकराची गोळी एकला वरण-भात आणि ताकावर जायची, तीनची सरळ गायबच. आठवड्याभरात आजीचं लाकूड झालं. मी रजिस्टर मागितलं. त्यात निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'रुग्ण सहकार्य करत नाही. मुद्दाम अंग कडक करतात.'

हे वाचून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती मी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये पुरेशी काढली, त्यामुळे इथे काढत नाही. त्यांचं उत्तर होतं, 'मॅडम, चाळीस पेशंट आहेत, एकेकाचं वेगळं टाइमटेबल कसं ठेवणार?' अडचण खरी आहे. पण इन्शुलिनच्या बाबतीत असं कोणी म्हणत नाही. इन्शुलिन चुकलं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, लेव्होडोपा चुकली तर लोकांना वाटतं म्हातारी हट्टी आहे. इंग्लंडमध्ये याच एका गोष्टीसाठी रुग्णांच्या संघटनेला मोहीम चालवावी लागली, पार्किन्सनच्या रुग्णाला इस्पितळात आणि केअर होममध्ये गोळी वेळेवर द्या, एवढीच मागणी. तिकडेही ती आपोआप होत नाही म्हणजे.

शेवटी न्यूरोलॉजिस्टकडून लेटरहेडवर वेळा लिहून आणल्या, फाइलला लावल्या, कपाटावर मोठ्या अक्षरात चिकटवल्या. चार गजरांचं घड्याळ आणलं. दिवसपाळीच्या मावशींना बसून समजावलं. त्यांना पाच मिनिटांत कळलं. त्या म्हणाल्या, 'म्हंजे डिझेल टाकल्याबिगर ट्रॅक्टर ढकलतोय व्हय आम्ही?' माझ्या वरच्या तीन परिच्छेदांपेक्षा हे बरं आहे.

तुमच्या घरचं कोणी अशा ठिकाणी असेल तर दोन गोष्टी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी अचानक थांबवायची नाही, त्याने ताप, प्रचंड ताठरपणा, जिवावरचं दुखणं होऊ शकतं. दुसरं, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन आणि भ्रमासाठी हॅलोपेरिडॉल द्यायचं नाही. ही औषधं डोपामिनचाच रस्ता अडवतात. आजी गेल्या वर्षी लघवीच्या इन्फेक्शनने एका इस्पितळात होती, तिथे मळमळतंय म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं आणि पुढचे काही दिवस ती मान वळवू शकली नाही. पर्याय असतात, तुमचा न्यूरोलॉजिस्ट सांगेल, फक्त त्याला फोन करायचं कोणाला तरी सुचायला हवं.

भ्रमाचंही सांगते, कारण आत्या घाबरून गेली होती. आजीला संध्याकाळी कोपऱ्यात दोन-तीन लहान मुलं बसलेली दिसतात. हे आजारानेही होतं, औषधानेही. भूतबाधा नाही आणि 'वेड लागलं' असंही नाही. डॉक्टरांना कळवलंय. आजी त्यांना घाबरत नाही, उलट तिची काळजी अशी की मुलांना कोणी खायला देत नाही. 'त्यांचं बिल वेगळं लावणारेत का?' हे तिने मला अगदी गंभीरपणे विचारलं. मी वाद घालत नाही. नाही लावणार म्हटलं.

'घरी का नाही ठेवलं' याचं उत्तर एकदाच देते. आईची पाठ दोन वर्षांपूर्वी गेली. रात्रीतून चार-पाच वेळा आजीला उठवायचं, बाथरूमला न्यायचं, परत झोपवायचं. ब्युरोकडून मावशी यायच्या त्या रुळेपर्यंत बदलायच्या, आणि दर नव्या मावशीला गोळ्यांचं पुराण पहिल्या अध्यायापासून. बाथरूमच्या दारात आजीचे पाय जमिनीला खिळायचे, वरचं अंग पुढे जायचं, आणि दोनदा ती अशीच पडली. इथे दाराला उंबरठा नाही, दोन्ही बाजूंना कठडा आहे, रात्री जागं कोणीतरी आहे. टाकलं म्हणायचं तर म्हणा. चुलतभावाला मात्र एक सांगायचंय, जो 'मुलांनी बघावं, नातवंडांचा काय संबंध' म्हणाला होता: ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा 'मुलं' म्हणताना सज्ञान नातू आणि नातही धरतो. दर महिन्याचं बिल मी तुला पाठवत जाईन.

पाय खिळण्यावरून आठवलं. हा या आजारातला सगळ्यात चमत्कारिक भाग. सपाट फरशीवर पाऊल उचलत नाही, पण फरशीवर आडव्या पट्ट्या मारल्या तर त्या ओलांडत माणूस चालतो. ताल दिला तर चालतो. मेंदूची आपोआप चालण्याची वाट बंद पडलेली असते, ताल किंवा रेघ धरून तो दुसऱ्या वाटेने जातो. पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग झाले ते याच तत्त्वावर. इथल्या फिजिओने पिवळी चिकटपट्टी लावून दिली आणि 'एक-दोन-एक-दोन' म्हणायला सांगितलं. आजीला ते पटेना, म्हणाली पीटीचा तास आहे का. मग शेजारच्या खोलीतल्या आजोबांनी, पूर्वीचे वारकरी, खुर्चीतूनच टाळ्या धरून 'ज्ञानबा-तुकाराम' सुरू केलं. आजी दारातून सुटली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. वळताना परत अडली, वळणं अवघडच असतं. आजोबांनी लय बदलली नाही. मावशींनी हात धरला नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. वळली. हे साडेअकरा ते बाराच्या दरम्यान घडतं, एकला नाही.

तेव्हा यायचं असेल तर असं या. आदल्या दिवशी मला किंवा आईला फोन करा, गोळी झाल्यावर पाऊण तासाने पोचा. एका वेळी दोघंच. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. तिच्या समोर बसा, डोक्यावर उभे राहू नका. 'ओळखलंस का' ही तोंडी परीक्षा घेऊ नका, सरळ आपलं नाव सांगा. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा, उत्तर येत असतं, वाटेत असतं. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, तिला त्याचा भयंकर राग येतो, फक्त चेहऱ्यावर दिसत नाही. आणि निघताना रजिस्टर बघा. गोळी दिल्याची वेळ आणि सही. ती सही बघणारं घरातलं कोणीतरी येतं हे तिथे माहीत असलं की वेळा पाळल्या जातात, हा माझा अनुभव. तुमच्या पेढ्यांपेक्षा आजीला याचा उपयोग जास्त.

ज्यांच्या घरी नुकतंच निदान झालंय त्यांनी पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी जरूर संपर्क करा. रुग्ण आणि सांभाळणारे दोघंही तिथे भेटतात, आणि बद्धकोष्ठतेपासून ते शर्टाच्या बटणांपर्यंत ज्या गोष्टी डॉक्टरांच्या दहा मिनिटांत मावत नाहीत त्या तिथे कळतात. आम्ही फार उशिरा गेलो.

आता एक काम. आजीच्या आवाजासाठी आणि गिळण्यासाठी स्पीच थेरपिस्ट हवी आहे, आठवड्यातून एक-दोनदा सिंहगड रस्त्याच्या पुढे येऊ शकणारी, मराठी बोलणारी. सकाळी पावणेबारा ते साडेबारा, दुसरी वेळ चालणार नाही. कोणी माहितीतलं असेल तर इनबॉक्स करा. फी आधी सांगा, आजी विचारणार आहे.